दोन कार्बोरेटर आणि एक कान

प्रिय दादा,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. तुझी जुनी जपानी गाडी माझ्या गॅरेजात अडकून पडली आहे आणि "पार्ट आले नाहीत" ही थाप आता मलाच ऐकवत नाही.

पार्ट केव्हाच आले. पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवले. ते काम हातापायांना कळतं. घोडं अडलंय दोन कार्बोरेटरांपाशी; दोघांनी इंजिनासाठी हवा सारखीच ओढायला हवी. रबरी नळी आळीपाळीनं दोघांच्या तोंडाशी धरून कानानं ऐकायचं आणि फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. आयुष्यभर हेच केलं. आता माझा डावा कान कामातून गेलाय, उजव्यालाही बारीक आवाज कळत नाही. इंजिन उचक्या देतं, मी पाने आपटतो.

आज बायकोनं माझ्या हातातून नळी ओढून घेतली.

"तुम्ही फिरवा, मी ऐकते."

अपमान गिळून स्क्रू फिरवला.

"मागचा जास्त फुसफुसतोय. अजून थोडा. बस."

इंजिन एका सुरात चालू लागलं. मला आनंद व्हायला हवा होता, राग आला.

हे तुला कळवायला बसलो, तर तिनं आतून तुला फोन लावलेला. इतकी ओरडत होती की मलाही ऐकू आलं. "भाऊजी, गाडी तयार आहे. यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही."

चिडून आत गेलो. "एवढं ओरडून सांगायची काय गरज होती?"

"तीनदा सांगावं लागलं," ती म्हणाली. "भाऊजींचे तर दोन्ही गेलेत. त्यांनीही लपवलंच होतं."

तुझाच,
धाकटा