कणगीतली नथ आणि माझ्या आईचं नाव

मी, गोजर बारकू विशे, वय त्र्याहत्तर, शिक्षण तिसरी, राहणार शेणवा, तालुका शहापूर. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. तो सुनेला, नम्रताला दाखवला तर ती हसली. कोणाच्या दबावाशिवाय, चहा पिऊन, राजीखुशीने हे लिहिते. वकील म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." मी काय तार करते आहे?

कलम १. राहतं घर आणि ओढ्याकडचं भातशेत मुलगा अनिल याला. मागचा पत्रा त्याने बदलायचा. तीन वर्षं "बदलतो, बदलतो" चाललंय.

कलम २. म्हशाच्या जत्रेतली घोंगडी नम्रताला. ती टोचते म्हणते. टोचू दे. माझ्या भाकरीला नावं ठेवलीस ना गो, आता थंडीत माझी आठवण काढ.

कलम ३. माझी सात मोत्यांची नथ. हिच्याबद्दल गाव बोलतं, म्हणून सगळं लिहून ठेवते.

चौसष्ट साली गडनीस रावसाहेबांच्या बंगल्यावर त्यांच्या मुलीचा, कमळताईंचा साखरपुडा होता. मुंबईहून मोटारी आल्या, गॅसबत्त्या लागल्या, चांदीची ताटं निघाली. माझी आई बाळी तिथे कोठारात कामाला होती, मी बारा वर्षांची. घरची नथ नवरीच्या नाकात घातल्याशिवाय साखरपुडा नाही अशी त्यांची रीत, आणि नेमकी नथच गेली. घरात चाळीस पाहुणे, पण झडती फक्त नोकरांची. आईला दोन दिवस गोठ्यामागच्या खोलीत कोंडलं.

मी भाकरी घेऊन गेले तर खिडकीतून म्हणते कशी, "गोजरे, भाताच्या कणगीचं तोंड बघून ये गो, उंदीर लागंल." चोरीचा आळ आलाय नि हिला उंदरांची काळजी!

कोठारात बघायला गेले तर त्या बांबूच्या कणगीच्या तोंडाचं लिंपण एका जागी तडकलेलं. आई शेणमातीत भाताचं तूस कालवायची, ते कधी तडकत नसे. इथे नुसतं शेण. आई लिंपायची पूर्ण पंजाने, पाच बोटांची कमान उठायची. इथे दोन बोटांच्या रेघा, जसं कोणी नाक मुरडत मलम लावावं. मी ते फोडलं, भातात हात घातला, नथ हाती आली.

पंगत बसली होती. मी नथ बाईसाहेबांच्या, म्हणजे कमळताईंच्या आईच्या, ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं, "कणगीत व्हती. हे लिंपण माज्या आईचं नाय. यात तूस नाय. नि लिंपणाऱ्याला शेणाची किळस हाय."

कमळताईंनी झटकन हात पदराखाली घेतला. मी पाहिलं, बाईसाहेबांनीही पाहिलं. पण त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "घाबरली बाळी, पोरीच्या हातून परत केलीन." झालं. आईचं काम गेलं. वरपक्षही अपशकुन झाला म्हणत मोटारीत बसला तो गेलाच. कमळताईंना हवं ते मिळालं, आईला मरेपर्यंत "नथवाली" हे नाव मिळालं.

दोन हजार नऊ साली कमळताई काठी टेकत आमच्या दारात आल्या. नथ दिली, सहीची चिठ्ठी दिली: "नथ मीच लपवली. मला ते लग्न नको होतं. बाळी निर्दोष. माझ्या वाट्याची ही नथ गोजरला देत आहे." मी म्हटलं, "पंचेचाळीस वर्षं लागली, ताई?" त्या म्हणाल्या, "तुझ्याएवढी हिंमत नव्हती गं." मी चहा दिला, माफी नाही दिली. ती द्यायची आईने, आणि आई तेव्हा नव्हती.

आता त्या बंगल्याचं रिसॉर्ट झालंय. कमळताईंच्या भावाचा नातू पंकज ते चालवतो. दर रविवारी मुंबईचे पाहुणे जुने शालू-फेटे घालून खेळ खेळतात, "नथ कोणी चोरली?" उत्तर ठरलेलं: मोलकरीण बाळी. माझी नात रुपाली तिथे नोकरीला, तिलाच बाळी व्हायला लावलं. पोर रडत घरी आली.

मी गेले पंकजकडे. तो म्हणतो, "आजी, खेळ आहे तो. सगळं खोटं."

"खोटं हाय ना? मंग नाव तुज्या कमळआजीचं घाल."

तो फोन कानाला लावून आत गेला.

म्हणून नथ आणि चिठ्ठी दोन्ही रुपालीला. अट अशी, की <s>माझं तेरावं झाल्यावर पहिल्या रविवारी</s> तिने नथ घालून चिठ्ठी सर्वांदेखत वाचावी. पंकज पाया पडला तरी नथ रिसॉर्टच्या काचेच्या कपाटात जाणार नाही.

कलम ४. वरची अट साक्षीदार जैतूला वाचून दाखवली. तो म्हणाला, "गोजरे, मेल्यावर तुला तितं काय दिसनार?" खरंच की! म्हणून ती ओळ खोडली, खोडल्या जागी सही केली. येत्या रविवारी मी स्वतः नथ घालून जाणार. "चोर कोण?" विचारलं की रुपाली चिठ्ठी वाचेल, आणि मी पाहुण्यांना लिंपण करून दाखवीन, पाचही बोटांनी. शेण आणि तूस घरून नेणार. नथ रुपालीला त्यानंतर, माझ्या सवडीने. घाई नाही.

ठिकाण: शेणवा. शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५.

साक्षीदार: जैतू भगीरथ वाघ (अंगठा), शेखर निचिते (सही). दोघांनी रविवारच्या जीपमध्ये पुढची जागा मागितली आहे. एकालाच मिळेल.

सही: गोजर बारकू विशे,
बाळीची मुलगी.