आपल्या बहिणीच्या सिनेमातला फितूर

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. आपला गुडघा जिना चढू देतो का ते कळवावे. वहिनींची तब्येत आपल्यापेक्षा नेहमीच बरी असते, तरी विचारतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. पुढचे वाचून काय ते आपणच ठरवा.

ही सध्या एका युद्धपटाचे कपडे करते आहे. (शिवते कमी, खराब जास्त करते. नव्याकोऱ्या कोटाच्या कोपरांवर वीट घासायची, चहाच्या पाण्यात बुडवायचा, की झाला लढाईतला. महिनाभर न्हाणीघरात मला पाय ठेवायला जागा नव्हती.) गोष्ट अशी, की एका बाईच्या भावाला फितुरीने शत्रूच्या हाती देतात आणि ती त्यातल्या एकेकाला शोधून मारते. तोंडातून मात्र अवाक्षर काढत नाही. मग तिचा राग लोकांना कळणार कसा, असे मी विचारले. ही म्हणाली, कोटावरून. कोट भावाचा, अंगाला मोठा. मारलेल्या प्रत्येकाचे एक बटण ती त्यावर शिवते. आधी तिच्याभोवती माणसे, पिवळा उजेड, उघडी दारे असतात. मग एकेक रंग उडत जातो, आणि शेवटी ती भिंतीला लागून एकटीच उरते, निम्मा चेहरा अंधारात. (हे सांगताना ही भाजी चिरत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी सुरीकडे बघत होतो.)

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्या आठवड्यात काम करणाऱ्यांच्या घरच्यांना निम्मा सिनेमा दाखवला, तर त्यातला मुख्य फितूर माझा तपकिरी स्वेटर घालून आला! कसर लागली म्हणून टाकला, असे मला सांगितले होते. कोपरावरचे रफू माझ्या हातचे. मी ओळखणार नाही तर कोण? शिवाय तो गृहस्थ खोटे बोलायच्या आधी चष्मा पुसतो. ही खोड कुणाची, ते आपण जाणताच. बाकीचे दुष्ट काळोखात उभे, हा एकटाच स्वच्छ उजेडात, हसतमुख. असे का, म्हणून मी घरी येऊन विचारले.

"तिच्या डोळ्यांना तो वाईट दिसतच नाही," ही म्हणाली. "घरचाच आहे ना."

"मग मारते का त्याला?"

"उरलेला सिनेमा बघ."

त्या दिवसापासून मी नीट जेवलेलो नाही. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, मग माझ्या हातून फितुरी झाली कुठे?

आपला,
संशयग्रस्त मेहुणा

ता. क. : आठवले. चार वर्षांपूर्वी हिला दूरच्या शहरात दोन वर्षांचे काम आले होते. कुणाला सांगू नकोस म्हणाली, आणि मी त्याच दुपारी आपल्याला फोन केला. आपण येऊन दोन दिवस समजूत घातलीत, तिने नकार कळवला, आणि मी कोपऱ्यात बसून चष्मा पुसत राहिलो. तिने जाऊ नये असे मलाच वाटत होते. बोलायचे धाडस नव्हते म्हणून आपल्याला पुढे केले.

ता. क. २ : तसेच काम पुन्हा आले आहे. या वेळी कृपा करून येऊ नका. ती गेली तर घर मला खायला उठेल, पण तिने जावे. हे तिच्या तोंडावर म्हणायला तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा चहा हवा का विचारून परत आलो.

ता. क. ३ : हे पत्र टपालात टाकायला तिच्याकडेच देतो आहे. पाकीट चिकटवलेले नाही. तेव्हा ते आपल्याला मिळेलच असे नाही.