आठ फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटर

१० नोव्हेंबर, सावदा. सकाळी ६.२०
१. ५.४० ला आबांच्या केळीच्या बागेच्या बांधावर धावायला सुरुवात केली.
२. दोन मिनिटांनी थांबले.
३. ड्रिपच्या व्हॉल्व्हजवळ उलटी झाली.
४. बूट नवीन आहेत. कारण तेच.
वनरक्षक भरतीची तीन किलोमीटरची धाव २९ डिसेंबरला, धुळ्यात. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेल्या व्यक्तीला सात आठवडे पुरतात.

१३ नोव्हेंबर
अंतर मोजलं. बांधालगत २०५ झाडं. आमच्या ऑफिसच्या ड्रिपच्या नकाशांत केळीला सहा फूट धरतात. म्हणजे आठ फेऱ्यांत तीन किलोमीटर. टार्गेट अठरा मिनिटं.
सोबत जमना. आबांकडे केळीचे घड वाहते, सातपुड्याच्या पायथ्याकडून आली आहे. तिनेही फॉर्म भरलाय. तिला ट्रेनिंग द्यायचं ठरवलं. फार हळू धावते आणि पूर्ण वेळ बोलते: गावाकडची बकरी गाभण आहे, मुकादम घोरतो, बहिणीची सासू. मी उत्तर देत नाही. ऑक्सिजन वाया जातो.

२१ नोव्हेंबर
जमना म्हणाली, "ताई, बोलता येतंय का? नाही येत, तर हळू धाव." तिला हार्ट रेट समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतला, मग उरलेल्या पाच फेऱ्या मारल्या. मी उभी राहून नोंद घेतली.
उद्यापासून स्वतंत्र धावणार. तिच्यामुळे माझा वेग पडतो.

२ डिसेंबर
आठ फेऱ्या, १७ मिनिटं ४० सेकंद. चार वेळा चालले, तरीही. फोन अडीच किलोमीटर दाखवतो. केळीच्या पानांखाली जीपीएस चुकणारच. आबांना लागवडीचं अंतर विचारणार होते. गरज वाटली नाही.

७ डिसेंबर, धुळे
सराव चाचणी. चारशे मीटरचा ट्रॅक, साडेसात फेऱ्या. पहिली फेरी १.४८. सगळ्यांच्या पुढे.
तिसऱ्या फेरीत चालायला लागले. जमना शेजारून पुढे गेली. जाताना विचारलं, "ताई, बोलता येतंय का?"
उत्तर दिलं नाही. येत नव्हतं.
जमना १५.५०. मी २३.१२. ट्रॅक जास्त लांब आखला असावा.
परतीच्या बसमध्ये तिने शेंगदाणे पुढे केले. घेतले नाहीत.

१० डिसेंबर
आबांना विचारलं. ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, "सहा फूट तुले कोनं सांगतलं? बाग पाच बाय पाचाची हाये. मले इचारलं असतं, तं सांगतलं असतं."
टेप लावून पाहिला. पाच. आठ फेऱ्या म्हणजे अडीच किलोमीटर. फोन बरोबर होता. ट्रॅकही.

जमनाला पाठवायचा मेसेज, तिसरा मसुदा:
जमना, तीन किलोमीटर मी अजून एकदाही न थांबता धावलेले नाही. १९ दिवस उरलेत. सकाळी साडेपाचला मला सोबत घेशील का? वेग तुझा. तू बोलशील त्याला उत्तर देईन. बकरी व्यायली का? शुक्रवार, १२ तारखेपर्यंत कळव.
मयुरी