एका दमात काढलेला हंडा

पोर्ट ब्लेअर
१८ जानेवारी १९९८

ती. वेणूताईस,
हिरामणचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी आणि नाथामामा खुशाल आहोत. मामा बंदरावर नोकरीला जातो, मी त्याच्या खोलीत भात लावतो आणि करपवतो.

तुझं पत्र पोचलं. दोन पानं भाऊजींच्या खोकल्याची आणि शेवटी चार ओळींत बातमी, की शेजारच्या शंकररावांनी त्यांच्या कुमुदिनीसाठी अंबरनाथचा मुलगा पाहिलाय आणि पाडव्याला सुपारी फुटणार. हा गडी कंपनीच्या खर्चाने मॉरिशसला गेला, सुट्टीत समुद्राच्या तळाशी उतरला आणि फोटो घेऊन पालेगावभर फिरला. वर म्हणे, त्यात काही कठीण नाही, पाठीला टाकी बांधायची आणि उडी मारायची. वा रे मर्द. कुमुदिनीचा तांब्याचा हंडा तुमच्या विहिरीत पडला तेव्हा पंचवीस फूट खालून एका दमात वर कोणी आणला? माझ्या पाठीला टाकी नव्हती आणि काठावर फोटोवालाही नव्हता.

डोकं थंड व्हावं म्हणून बाबांनी मला इथे पाठवलं, पण इथला समुद्र कोमट आहे. इथे पिल्ले सर म्हणून नेव्हीतून रिटायर झालेले गृहस्थ सुट्टीवर आलेल्या लोकांना डायव्हिंग शिकवतात. चार दिवस आणि सर्टिफिकेट. मी नाव घातलंय. मला चार दिवस कशाला, एक बस झाला. पाडव्याआधी कागद घेऊन येतो, तोवर शंकररावांना थोपवून धर. कुमुदिनीला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.
तुझा
हिरामण


पालेगाव
३१ जानेवारी १९९८

चि. हिरामण यास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. भाऊजींचा खोकला गेला, आता ते सगळ्यांना खोकल्यावर औषध सांगतात.

दुसऱ्या वर्षाला सरांनी हजेरीवरून एक टोमणा मारला म्हणून तू हॉलतिकीट फाडून आलास. उल्हासनगरचे कॉलेज तुला जड झाले आणि आता समुद्रातल्या कॉलेजात नाव घातलेस. तिथे हजेरी घेतात की नाही ते कळव. घेत असतील तर कठीण आहे.

शंकररावांना मी कशी थोपवू? मुलाला चांगला पगार आहे, घर आहे आणि तो कोणाच्या अंगावर धावून जात नाही. तुझ्यात यातले काय आहे, ते एका ओळीत लिही. हंड्याची गोष्ट नको, ती साऱ्या गावाला पाठ आहे. आणि ज्या मुलीसाठी हा खटाटोप, तिच्याशी तू दोन वर्षांत एक शब्द तरी बोललास का? हंडा दिलास आणि ओल्या कपड्यांनी पळालास.

सर्टिफिकेट मिळवायचेच असेल तर नीट शीक. काय काय शिकवतात ते सविस्तर लिही, आम्हाला गंमत वाटते. मामाचा भात करपवू नकोस.
तुझी
वेणूताई


पोर्ट ब्लेअर
१४ फेब्रुवारी १९९८

ती. वेणूताईस,
सा. न. वि. वि. ताई, तुझं अक्षर एकदम सुधारलंय. भाऊजींनी नवीन पेन आणलं काय?

आता खरं सांगतो. पहिल्याच दिवशी मी नापास झालो. आधी तब्येतीचा फॉर्म भरला. मग दोनशे मीटर पोहायचं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. ते मी झोपेत केलं. मग टाकी बांधून दोन पुरुष खोल पाण्यात नेलं. तिथे मी विहिरीतल्यासारखा दम कोंडून बसलो. म्हटलं, बघू दे म्हाताऱ्याला, हिरामणला टाकीची गरज नाही. त्याने मला गळपट्टीला धरून हळूहळू वर आणलं आणि सुट्टीवर आलेल्या बायकामुलांसमोर हिंदीत झाडलं. म्हणाला, इथला पहिला नियम एकच, श्वास कधी कोंडायचा नाही. विहिरीत आपण काठावरची हवा घेऊन जातो. इथे खालीच दाबातली हवा ओढतो. ती कोंडून वर आलं तर फुगते आणि फुप्फुस फाडते. हीरो लोग मला नकोत, म्हणाला.

मी पायातले ते बदकासारखे फ्लिपर त्याच्या होडीत फेकले आणि निघालो. दोन दिवस खोलीत बसलो. मामाने एवढंच विचारलं, की आता हे पण सोडलंस का. तिसऱ्या दिवशी फ्लिपर धुवून परत गेलो.

मग सगळं शिकलो. मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता नाकाने फुंकून काढायचं. तोंडातली नळी सुटली तर हाताने शोधून परत लावायची. जोडीदाराचे पट्टे आपण तपासायचे, आपले त्याने, आणि त्याला सोडून जायचं नाही. वर येताना घाई न करता आपल्याच बुडबुड्यांच्या मागे राहायचं. पन्नास प्रश्नांचा पेपर झाला, चव्वेचाळीस बरोबर आले. सर्टिफिकेट खिशात आहे. त्या मॉरिशसवाल्याला कोणीतरी पहिला नियम विचारा.

तू मागितलेली एक ओळ लिहायला बसलो. पगार नाही, घर नाही. चाळीस फूट खाली रंगीत मासे होते, पण मला तो हंडाच आठवत होता. हे तिला सांगू नकोस.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर टाक.
तुझा
हिरामण


पालेगाव
२ मार्च १९९८

श्री. हिरामण यांस,
सप्रेम नमस्कार. संक्रांतीला वेणूवहिनी ओट्यावरून पडल्या आणि त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर घातलं. तुम्हाला काळजी नको म्हणून कळवलं नाही. त्या सांगतात, मी लिहिते. मागचं पत्र माझ्या अक्षरातलं. उत्तर लिहायचं तर आलेलं पत्र वाचावंच लागतं, त्यामुळे मला काही सांगू नये, हे मी दोनदा वाचलं.

अंबरनाथची मंडळी रविवारी आली होती. पोहे देता देता मी मुलाला विचारलं, की समुद्राखाली पहिला नियम कोणता. ते म्हणाले, छाती भरून हवा घ्यायची आणि घट्ट धरून ठेवायची. मी फोटो पुन्हा मागितला. नीट पाहिलं तर मास्क लावून गुडघाभर पाण्यात उभे. तेव्हा त्यांची आईच म्हणाली, की त्याला होडी लागली, तो उतरलाच नाही. बाबा म्हणाले, संसार काय पाण्याखाली करायचाय? मी म्हटलं, नाही, म्हणूनच. समुद्रात न उतरल्याबद्दल माझा राग नाही. पण न उतरता उतरलो म्हणून ज्यांनी गावभर सांगितलं, ते जमिनीवरही तसंच सांगत राहतील. आता पाडव्याला सुपारी फुटणार नाही.

हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका. तुम्हीही दोन वर्षं दम कोंडूनच बसला आहात. बहिणीला पानंच्या पानं आणि मला एक ओळ नाही. आणि ज्या हंड्याची एवढी कीर्ती, तो तुम्ही वर आणताना पायरीवर आपटलात. त्याला पोचा पडलाय. आई अजून बोलते.

जो माणूस फ्लिपर धुवून परत जातो तो कॉलेजातही जाऊ शकेल. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म उल्हासनगरहून आणून सोबत जोडला आहे. सही करून परत पाठवा. या वेळी पत्र माझ्या नावाने टाका. आमची डाक बाबा फोडतात, तेव्हा शब्द जपून.

घाईने वर येऊ नका, बुडबुड्यांच्या मागे राहा. मामांना नमस्कार. लोभ आहे की नाही, ते फॉर्म पोचल्यावर कळवीन.
कुमुदिनी