शॉटगनला लटकवलेल्या वस्तू

बाबा, रविवारी आम्ही जिंकलो. मँचेस्टरच्या बाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर, जोडीच्या स्पर्धेत, पोलादी पाट्या पाडून. मी बावन्न वर्षांची आणि माझी जोडीदारीण त्याहून मोठी, निवृत्त हेडमिस्ट्रेस; मी त्यांना बाईच म्हणते. कुणी आमच्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

तुम्हाला लंडनमधल्या आपल्या हाउन्सलोच्या किचनमधली ती सकाळ आठवत असेल. तुम्ही एअरपोर्टवर सामानाचे बेल्ट दुरुस्त करायचात आणि सुट्टीच्या दिवशी मला नेमबाजीला न्यायचात. मी माझ्या पंप शॉटगनच्या अंगाला काडतुसं अडकवायची पट्टी नवीनच बसवली होती. रिकामी बंदूक टेबलावर ठेवून तुम्ही पुढची मूठ, जी ओढली की झाडलेलं काडतूस बाहेर पडतं, ती मागे ओढली. ती घासत, अडखळत आली. "किती पिळलेस गं हे स्क्रू? बाहेरून आवळलंस की आतली जागा दबते. आतला बोल्ट सरकणार कसा?" मी चिडून म्हटलं, "तुम्हाला नवीन काही चालतच नाही!" तुम्ही हातात घेतलेला पाना खाली ठेवलात आणि चहा ओतलात. दुपारी माझी बंदूक तिसऱ्याच फेरीला अडकली आणि मी रडवेली होऊन बाहेर आले. परतताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "यंत्र अडलं की आधी विचारायचं, शेवटचं काय बदललं?"

रविवारी स्पर्धेआधीच्या सरावात बाईंची बंदूक अडकायला लागली. झाडलेलं काडतूस बाहेरच पडेना, आणि पुढचं त्याच्यावर जाऊन बसायचं. रेंज ऑफिसर म्हणाला, "अजून एकदा अडकली तर तुम्हाला बाद करावं लागेल." बाई पांढऱ्याफटक पडल्या. मी विचारलं, "शेवटचं काय बदललंत?" त्या म्हणाल्या, "काही नाही, डियर. पुढच्या मुठीवर हे जाडजूड ग्रिप चढवलं तेवढं. आणि ती काडतुसांची पट्टी, ती भाच्याने बसवून दिली." मी बंदूक रिकामी करून घेतली, पट्टीचे स्क्रू थोडे सैल केले. मूठ हलकी सरकू लागली, पण काडतूस काही बाहेर पडेना. मग मूठ सावकाश मागे ओढत नेली आणि बघते तर तिच्यावरच्या नव्या ग्रिपची लांब कड पट्टीच्या टोकावर आपटून थांबत होती. मूठ पूर्ण मागे जायला जेमतेम बोटभर अंतर राहत होतं. तेवढ्यानेच झटका अपुरा पडत होता. एकेक वस्तू चांगली होती, पण दोन्ही एकत्र नांदत नव्हत्या. मी पट्टी काढून टाकली, काडतुसं त्यांच्या कमरपट्ट्यात भरली आणि नकली काडतुसांनी वीस वेळा पंप केला. वीसच्या वीस खणखणीत बाहेर.

मग स्पर्धेत बाई जे काही सुटल्या, बाबा! पाटी पडली, पंप, पाटी पडली, पंप. त्यांच्या मागून माझी पाळी, मीही धावत पाट्या पाडल्या. शेवटची पाटी आडवी झाली तेव्हा बाईंनी मला उचलायचाच प्रयत्न केला, आणि ज्या पोरांनी आम्हाला "लेडीज, टेक युअर टाइम" म्हटलं होतं, ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी पंचवीस वर्षांत इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते.

हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही. पण एक सांगून टाकते. बक्षीस घेताना कुणीतरी विचारलं, हे सगळं शिकलीस कुठे? मी म्हटलं, इंटरनेटवर. तुमचं नाव घेतलं असतं तर तिथेच रडले असते, आणि त्या दिवशी मला फक्त हसायचं होतं.