उभी रेघ

मॅडम, काल ऑफिसात एका नव्या मुलीने सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम तपासत होते आणि तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. अंबरनाथच्या एमआयडीसीतली आपली दोन खोल्यांची कंपनीही आता राहिली नाही.

उल्हासनगरच्या जीन्स रंगवण्याच्या कारखान्यात आपण कंट्रोलर बसवायला गेलो, तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. माझी पहिली नोकरी, पहिलाच प्रोग्राम. पंप, वाफेचा वॉल्व्ह, पंखा, सगळं कंट्रोलरच्या चिपमधल्या एकाच रजिस्टरच्या आठ बिटांवर; बिट एक केला की चालू, शून्य केला की बंद. पंप सुरू होतो आणि त्याच क्षणी वाफ बंद पडते. सेठ ओरडतात, "मॅडम, पानी ठंडा हो रहा है, पूरा माल जाएगा! इस लड़की को किसने भेजा?" तुम्ही शांतपणे म्हणता, "सेठजी, बोर्ड हमारा है, गलती भी हमारी. अभी स्टीम हाथ से खोलो, शाम तक ठीक करके देते हैं."

रिक्षाने अंबरनाथला पोचल्यावर तुम्ही मला फैलावर घेतलंत. "तुला एक बिट बदलायचा होता ना? मग अख्खं रजिस्टर नव्याने कशाला लिहिलंस? बाकीच्या सातांना शून्य करून मोकळी झालीस!" मग खुर्ची ओढून शेजारी बसलात. आधी आहे ते वाचायचं, त्यात आपला तेवढा बिट एक करायचा, मग परत लिहायचं. त्यासाठी माझ्या ओळीत बरोबरच्या चिन्हाआधी एक उभी रेघ हवी होती, बस. तुम्ही ती क्षणात घातली असती. पण मला सापडेपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबलात.

चिपमधला जुना प्रोग्राम पुसून, नवा भरून आपण परत गेलो. पंप चालला, वाफही चालू राहिली. सेठनी चहा मागवला आणि त्यांच्या सिंधी रीतीप्रमाणे पापड. "खाओ बेटा," म्हणाले. निघताना तुम्ही सहज बोलल्यासारखं म्हणालात, "पुढचं मशीन तू एकटी बसव." बदलापूरला मी गुणगुणतच घरात शिरले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. त्या काळात मुंबईहून दोनदा जास्त पगाराची नोकरी चालून आली होती. मी नाही म्हटलं. घरी सांगितलं, अंबरनाथ जवळ पडतं. खरं तर मला तुमच्या शेजारची खुर्ची सोडवत नव्हती.