सांडू नये ते मीठ

श्रावण शुद्ध तृतीया, १९४३

काष्टी गावाबाहेरच्या मळ्यातल्या बंगल्यात आज स्वयंपाकाला लागले. मी, मुक्ताबाई, सांगते आणि नात इंदू लिहिते. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी ‘व्हय’ म्हणते, ही ‘होय’ लिहिते. लिहू दे, सातवी शिकलीय. जेवली की मात्र वहीवरच डुलक्या.

मालक यज्ञेश्वर डॉक्टर. पुस्तकांच्या ढिगात आरामखुर्ची, खुर्चीत डॉक्टर. नाकावर माशी बसली तर ती हाकलायलाही माळीकाम करणाऱ्या भिमाजीला हाक मारतील! जेवण त्यांना अळणी लागतं. मीही चातुर्मासात मीठ सोडलंय. म्हटलं, बरं झालं, घरात दोन साधू. भिमाजी आणि इंदूसाठी मात्र डॉक्टरांनी कपाटातून मिठाची वेगळी बरणी काढून दिली. केवढी ही माया!

नागपंचमी

आज चिरायचं नाही, तळायचं नाही. पुरणाची दिंडं उकडली. इंदू दुपारची निजली नाही. म्हटलं, पोर सुधारली. भिमाजीही सकाळपासून एकच वाफा खुरपतोय. दोघं पोटभर जेवतात ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी कौतुकानं सांगितलं, आग्रह करून वाढते.

शनिवार, बाजाराचा दिवस

बाजारातून आले, तर भिमाजी त्याच वाफ्यात. खुरपं बाजूला, नखं गेलेली, बोटं रक्ताळलेली. माझ्याकडे बघून हसला. डोळ्यावर माशी बसली, तरी पापणी हलली नाही.

इंदूकडे पाहिलं. तिचीही नाही.

मी निजते. डॉक्टर निजतात. अळणी खाणारेच तेवढे निजतात.

श्रावणी सोमवार

जाब विचारला. पुस्तकातून मान वर न काढता डॉक्टर म्हणाले, पलटणीला न झोपणारे शिपाई हवेत. आधी कुणावर तरी करून बघायला नको का? उतारा विचारला. म्हणाले, तो अजून वाचनात आला नाही.

बरणी उचलून बाहेर धावले. मातीत ओतणार होते, पण सांडलेलं मीठ मेल्यावर पापणीनं वेचावं लागतं, हे लहानपणापासून मनात बसलेलं. हात विहिरीकडे वळला. दिली टाकून.

खुर्चीतून न उठणारा माणूस धावत आला. चष्मा वाटेत पडला. ओरडत होते, अगं बये, चिमूटभर सगळ्या वाडीला पुरेल! आणि काठावरून थेट उडी. पोहणं त्यांनी पुस्तकातच वाचलेलं. एकदा वर आले, हात केला.

रहाटाचा दोर माझ्या हातात होता. मी मागं येऊन उभ्या इंदूच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

मंगळवार

सारी वाडी याच विहिरीवर. काल संध्याकाळीच सांगायला हवं होतं. पण डॉक्टर कुठायत, असं विचारतील, फौजदार येईल— गप्प बसले. आणि मला मेलीला झोप लागली. उठले तोवर बाया घागरी भरून गेल्या होत्या—

बुधवार

छबूबाई, कडूबाई— सगळ्या काठावर. घागरी भरल्यात, तरी उपसतायत. हाका मारल्या. हसतात नुसत्या.

गुरुवार

इंदूनं विचारलं, आजी, तू निजतेस तेव्हा मी कुणाशी बोलू? मला स्वतःच्या झोपेची शरम—

विहिरीतून तांब्या भरून आणलाय. चातुर्मास मोडला, देव बघून घेईल.

प्यायले. खारटही लागत नाही गं.

लिही, इंदू. सरक जवळ. बघ, माझी पापणी अजून—